चौबळांचा पॉज

गेल्या महिन्यात, दुसऱ्या रविवारी संध्याकाळी, न्यू टाउनमधल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात एक चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता दाखवला गेला. तीन वर्षांत हे प्रथमच घडले.

दाखवणारे गृहस्थ श्रीधर चौबळ. सरकारी विमा कंपनीतून निवृत्त झालेले, बदलीने कोलकात्यात आलेले आणि इथेच राहिलेले. पुण्याला परत का गेला नाहीत, असे कोणी विचारले की ते म्हणत, "तिथे नातेवाईक आहेत." हा त्यांचा एकमेव विनोद आहे, अशी आमची समजूत होती.

निवृत्तीनंतर लोक योगासने करतात, शेअर घेतात. चौबळांनी 'माध्यमांतून मानवी हक्क, विविधता आणि समावेशन' या नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रम केला. तो चार आठवड्यांचा होता. चौबळांना सात महिने लागले, कारण ते दर दोन वाक्यांनी व्हिडिओ थांबवून विचार करत. शेवटी प्रमाणपत्र आले. ते लॅमिनेट होऊन दिवाणखान्यात गणपतीच्या खाली लागले, आणि दर पंधरवड्याला रविवारी संध्याकाळी चौबळ आम्हाला सुधारू लागले.

प्रेक्षकांत सोसायटीतली पाच-सहा मराठी घरे शेजारधर्म म्हणून असत आणि काही बंगाली मंडळी शिंगाड्यासाठी. शिंगाडा म्हणजे इथला समोसा. दुसरे आकर्षण नव्हते.

चौबळांची पद्धत अशी. दिवे मालवायचे, माहितीपट सुरू करायचा. पडद्यावर कोणी तोंड उघडले रे उघडले की रिमोट उंचवायचा आणि म्हणायचे, "इथे थांबू या." चित्र गोठे. तोंड उघडेच राही. चौबळ खुर्चीतून उठत, पडद्यासमोर येत आणि आमच्याकडे वळून विचारत, "आता सांगा, या चौकटीत कोण नाही?"

पहिले काही रविवार लोकांनी मनापासून उत्तरे दिली. बायका नाहीत. गरीब नाहीत. व्हीलचेअरवरचे कोणी नाही. मग उत्साह ओसरला. आयटीत काम करणारा कुलकर्णी नावाचा तरुण मागच्या रांगेतून एकदा म्हणाला, "काका, जिराफ नाही."

सभागृह हसले. चौबळ हसले नाहीत. क्षणभर पडद्याकडे बघून ते म्हणाले, "जिराफ का नाही, याचाही विचार व्हायला हवा." त्यावर बारा मिनिटे गेली.

याचा परिणाम असा झाला की सोसायटीत कोणत्याही चित्रपटाचा शेवट कोणाला माहीत नव्हता. एका गावाने धरणाविरुद्ध लढा दिला. तो जिंकला की हरला, हे आजही आम्ही सांगू शकत नाही. सोसायटीचे सचिव घोषालबाबू दर वेळी कपाळावर हात मारून म्हणत, "दादा, आबार थामालेन?" पुन्हा थांबवलंत? चौबळ त्यांना सांगत, "घोषालबाबू, पिक्चर महत्त्वाचा नाही." हे मात्र आम्हाला एव्हाना पटले होते.

रिमोट शर्टाच्या खिशात असे. मासळीबाजारातही. प्रश्न तर सगळीकडे असे. एस्प्लनेडच्या चौकात साड्यांच्या एका मोठ्या जाहिरातीखाली ते भर गर्दीत उभे राहिले आणि जाहिरातीत एकही सावळी बाई कशी नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारू लागले. मोजे विकणाऱ्या फेरीवाल्याने त्यांना दंडाला धरून बाजूला केले. त्यांच्यामुळे मोज्यांकडे कोणाचे लक्ष जात नव्हते. कुलकर्ण्यांकडे ते जेवायला गेले, तेव्हा लग्नाचा अल्बम चाळता चाळता म्हणाले, "सूनबाईंच्या माहेरचं कोणीच कसं नाही हो या फोटोत?" माहेरच्या लोकांना फोटोच्या वेळी जेवायला बसवले होते. हे प्रकरण मिटून आठ वर्षे झाली होती. ते त्या रात्री पुन्हा सुरू झाले आणि अजून चालू आहे.

दुर्गापूजेच्या समितीचा फोटो निघत होता तेव्हा चौबळांनी ढाक नावाचे मोठे ढोल वाजवणारे आणि मांडव झाडणाऱ्या बायका यांना चौकटीत आणवले. फोटो छापून आला. त्यात सगळे होते, फक्त घोषालबाबूंचा अर्धा चेहरा एका ढाकेच्या मागे गेला होता. सभागृहाच्या भवितव्याला त्या दिवशी वळण लागले.

इतरांना शिकवण्याचा उत्साह स्वतःच्या घरी किती होता, हाही बातमीचा भाग आहे. समानतेवर व्याख्यान चालू असताना चहाचा ट्रे घेऊन सुमतीकाकू, म्हणजे सौ. चौबळ, रांगांमधून वाकून फिरत. कुलकर्णीने ती संधी सोडली नाही. "काका, इथे थांबू या. या चौकटीत काकू बसलेल्या का नाहीत?" पुढच्या वेळेपासून चहा चौबळांनी स्वतः केला. तो पिण्यासारखा नसे. तरीही काकू बसल्या नाहीत. सभागृहाबाहेर सगळ्यांच्या चपला जुळवत राहिल्या.

आणखी एक गोष्ट सोसायटीत सर्वांनी पाहिली होती. शहरभरच्या फोटोंचा हिशेब मागणाऱ्या या माणसाच्या घरात एकही फोटो नव्हता. गणपती, प्रमाणपत्र आणि कॅलेंडर, एवढेच. रोहित नावाचा एकुलता एक मुलगा बंगळुरूला असतो, असे ऐकून होतो. माझ्या पत्नीने एकदा त्याची चौकशी केली. काकू "बरं चाललंय" म्हणाल्या आणि इलिश अजून महागच आहे का, असे त्यांनी विचारले. काकू मासे खात नाहीत.

सोसायटीच्या बैठकीत अखेर विषय आला. पूजेच्या नाटकाच्या तालमींसाठी रविवारी सभागृह हवे, असा ठराव घोषालबाबूंनी मांडला. चौबळ विरोध करतील या अपेक्षेने लोक घड्याळ बघून बसले होते. चौबळ उभे राहिले. भाषण झाले नाही.

"एक रविवार द्या," ते म्हणाले. "पुढचा. मग किल्ली तुमची."

"कौन सा पिक्चर?" घोषालबाबूंनी विचारले.

"छोटा आहे. बावीस मिनिटांचा."

"बाईस मिनट मतलब आपका चार घंटा!"

लोक हसले. चौबळ खाली बसले नाहीत. हात टेबलावर टेकवून पुन्हा म्हणाले, "घोषालबाबू, एकच द्या. मी आयुष्यात परत काही मागणार नाही." विम्याच्या माणसाला न शोभणारे हे वाक्य होते. ठराव एका रविवारच्या सवलतीसह मंजूर झाला.

त्या रविवारी चौबळ इस्त्रीचा सदरा घालून आले. चहा नव्हता, शिंगाडेही नव्हते, तरी सभागृह भरले. शेवटचा प्रयोग पाहायला माणसे नेहमीच येतात. काकू पहिल्या रांगेत बसल्या. कुलकर्णीने मागच्या रांगेत पैज लावली होती, पहिला पॉज दोन मिनिटांच्या आत.

माहितीपट बंगळुरूचा होता, इंटरनेटवर कोणालाही पाहता येण्यासारखा. भाड्याने खोली शोधणाऱ्या तिघीजणींची गोष्ट. जन्मल्यावर घरच्यांनी ज्यांना मुलगा म्हटले आणि ज्या पुढे बाई म्हणून जगू लागल्या, अशा तिघी. घरमालक दार उघडत, वरपासून खालपर्यंत बघत आणि खोली कालच गेली म्हणत. प्रश्न विचारणारी बाई पडद्यावर कुठेही दिसत नव्हती. कॅमेऱ्यामागून तिचा आवाज तेवढा येई. तिची हिंदी मराठी वळणाची होती.

दोन मिनिटे गेली. पाच गेली. रिमोट चौबळांच्या मांडीवर होता आणि त्यावर दोन्ही हात होते. कुलकर्णी पैज हरला आणि त्याचे त्याला भान राहिले नाही.

तिघींपैकी एकीने चहा गाळता गाळता कॅमेऱ्यामागच्या बाईला उलट विचारले, "और तेरे घरवाले?"

आवाज म्हणाला, "कोलकाता में हैं. पापा पिक्चर दिखाते हैं लोगों को, ऐसा सुना है."

पहिल्या रांगेत काकूंनी पदर तोंडाशी धरला. चौबळांनी पॉज दाबला नाही.

तिघींना शेवटी खोली मिळाली. आमच्या सभागृहाने पाहिलेला हा पहिला शेवट. मग काळ्या पडद्यावर नावे वर सरकू लागली, आणि त्यातले एक मध्यावर आले तेव्हा चौबळांनी रिमोट उचलला. चित्र थांबले.

दिग्दर्शन: रेवा श्रीधर चौबळ.

ते सवयीने उठले, पडद्यासमोर गेले आणि आमच्याकडे वळले. प्रश्न आला नाही.

"दादा," घोषालबाबूंनी विचारले, "आपकी बेटी?"

"हो," चौबळ मराठीतच म्हणाले. "आम्ही रोहित म्हणायचो. आम्हीच म्हणायचो. तिनं सांगितलं, तेव्हा मी ऐकून घेतलं नाही. सहा वर्षं झाली." मग पडद्यावरच्या मधल्या शब्दाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्यात पाहिलं."

घोषालबाबूंना कळले नाही. त्यांनी कुलकर्णीकडे पाहिले. कुलकर्णी हळू आवाजात हिंदीत म्हणाला, "हमारे में बीच का नाम पिताजी का होता है. पहला नाम उसने बदल दिया. ये नहीं बदला."

कोणी दिवे लावले नाहीत. काकूंनी पिशवीतून फोन काढला आणि पडद्याचा फोटो घ्यायला त्या उभ्या राहिल्या. चौबळ पडद्यासमोरून बाजूला सरकू लागले.

"काका, हलू नका," कुलकर्णी म्हणाला. त्याने पुढे येऊन काकूंच्या हातातून फोन घेतला. "काकू, तुम्ही पण. त्या बाजूला. नाव मध्ये येऊ दे."

फोटो निघाला. डावीकडे चौबळ, उजवीकडे काकू, मध्ये तीन शब्द. काकूंनी तो तिथेच उभ्या उभ्या लेकीला पाठवला. सोबत मजकूर लिहिला नाही.

किल्ली चौबळांनी त्याच संध्याकाळी घोषालबाबूंना दिली. घोषालबाबूंनी ती खिशात घातली, मग पुन्हा काढून टेबलावर ठेवली. ती कोणी उचलली, याबद्दल दोन वेगवेगळ्या हकिकती आहेत.

फोटो पोचल्याच्या दोन खुणा काकूंच्या फोनवर आल्या. सभागृह रिकामे होण्याच्या आत त्या निळ्या झाल्या.