दुसऱ्या ठिणगीचा मान

बोरवाडी गावच्या मोटार उभारणी समितीचा मी पहिल्यापासूनचा चिटणीस. पेशाने शाळामास्तर. गावात अक्षर बरं असलेले दोघेच होते, आणि दुसरा समितीत यायला तयार नव्हता. खाली सांगतो ते बहुतेक सगळं इतिवृत्तात आहे. जे नाही तेही सांगतो, कारण आता त्याला बरीच वर्षं झाली.

साल एकोणीसशे चौसष्ट. आमचं गाव आष्ट्यापासून पाच मैल आत, आणि सांगलीचा दवाखाना तिथून पुढे तेरा मैल. आदल्या वर्षी गावातली जाईबाई अडली म्हणून तिला बैलगाडीतून नेलं, तर ती वाटेतच एका बाभळीखाली बाळंत झाली. आई आणि पोर दोघंही ठणठणीत राहिली. पण ती बाभळ शेजारच्या गावच्या हद्दीत होती, आणि तिथल्या पंचायतीने जन्माची नोंद आपल्या वहीत करून घेतली. आमच्या गावचं पोर दुसऱ्याच्या वहीत गेलं, हे काही सहन होण्यासारखं नव्हतं. गावाला स्वतःची मोटार पाहिजे, असं त्याच आठवड्यात एकमताने ठरलं.

नव्या मोटारीला नंबर लावला तर ती हातात येईपर्यंत पोटातलं पोर चौथी पास होतं, असं तेव्हा सरकारी धोरण होतं. म्हणून मोटार घरीच बांधायची ठरली. सरपंच हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी लष्कराच्या लिलावात एका जीपची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, धरली. वरचा पत्रा आष्ट्याच्या एका कारागिराने ठोकला. त्याचा जन्म गुळाच्या काहिली, म्हणजे मोठाल्या कढया, करण्यात गेला होता, त्यामुळे मोटार लांबून काहिलीसारखीच दिसे. इंजीन मिळालं उंब्रजजवळ. तिथे एक विलायती गाडी वडाला धडकली होती. मालक वाचला, वड वाचला आणि इंजीनही वाचलं. फक्त त्याच्या सगळ्या वायरी तुटल्या होत्या.

त्या वायरी नव्याने जोडायला सोपान कांबळे पुढे आला. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातला हा माणूस सात वर्षं फौजेच्या कारखान्यात मोटारींच्या विजेचंच काम करून आला होता. त्याने पंधरा दिवसांत बॅटरी, कॉइल, सेल्फ, दिवे, भोंगा सगळं जागच्या जागी लावलं. शेवटच्या पाच तारा तेवढ्या उरल्या. इंजिनाच्या चार नळकांड्यांवरच्या, ठिणगी पाडणाऱ्या चार प्लगांच्या चार, आणि बॅटरीपासून खाली चासीला जाणारी एक काळी. चहा होईपर्यंत त्याही लावून झाल्या असत्या. पण इंजीन पहिल्यांदा सुरू होणार ही सार्वजनिक बाब होती, आणि सार्वजनिक बाब चहाच्या वेळात उरकता येत नाही.

मला घाई होती, हे कबूल करतो. घरात माझी बायको मनुबाई हिला तिसरा महिना होता. पहिल्या खेपेला ती जेमतेम वाचली होती, आणि या खेपेला सांगलीला नेल्याशिवाय गत नाही असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. पण घाई ही चिटणिसाची खाजगी बाब असते.

बोरवाडीत काहीही सुरू होण्याआधी त्याचा मान ठरतो. जत्रेत देवाची पालखी चार घरं उचलतात. पहिला खांदा हंबीररावांचा, दुसरा आप्पासोंचा, तिसरा भाऊसोंचा, चौथा गुंडाबाचा. हा क्रम कोणी लावला हे कोणालाच माहीत नाही, त्यामुळे तो बदलता येत नाही. चार खांदे आणि चार प्लग हा योग समितीच्या लगेच ध्यानात आला. प्रत्येक घराने आपापली तार आपल्या हाताने लावायची असं ठरलं. काळी तार उरली होती, ती सर्वांना प्रतिनिधित्व मिळावं म्हणून बुद्धवस्तीला देण्यात आली. ती सगळ्यांत खाली होती.

“चालतंय,” सोपान म्हणाला आणि हसला. तो हसल्याचं मी इतिवृत्तात घेतलं नाही.

मग त्याने हात पुसत सांगितलं, “येक गोष्ट सांगायची ऱ्हायली. ठिणगी पयल्या नळकांड्यात पडती. मग तिसऱ्यात, मग चौथ्यात, आन शेवटाला दुसऱ्यात.”

आप्पासो सावकाश उठले. “म्हंजी आमची ठिणगी गुंडाबाच्या म्हागनं?”

“इंजन तसंच हाय, आप्पासो.”

“कुणी ठरीवलं?”

“ज्यानं इंजन केलं त्यानं.”

“त्यो कवा आला हुता आपल्या गावात?”

हा मुद्दा मी इतिवृत्तात घेतला. सोपानने तोडगा सुचवला. आप्पासोंनी तिसऱ्या नळकांड्यावर बसावं, भाऊसोंनी चौथ्यावर, गुंडाबाने दुसऱ्यावर. मग ठिणग्या बरोबर मानाच्या क्रमाने पडतील. हे ऐकून आप्पासो जास्तच चिडले, कारण दुसरं नळकांडं पहिल्याला लागून असल्याने आता गुंडाबा हंबीररावांच्या मांडीला मांडी लावून बसणार होता. बसण्याचा मान ठेवावा तर ठिणगीचा जातो, ठिणगीचा ठेवावा तर बसण्याचा.

“मला कुटं बी बशिवलं तरी चालंल, मला काय घाई न्हाई,” गुंडाबा म्हणाला. प्रश्न घाईचा नसून परंपरेचा आहे, असं सांगून त्याला खाली बसवण्यात आलं.

शेवटी ठराव क्रमांक चौदा मंजूर झाला. मसुदा माझाच होता. “सदर इंजिनाने ठिणगी एक, दोन, तीन, चार याच क्रमाने घ्यावी व त्यास तशी समज देण्यात यावी.”

“ठराव ब्येस हाय,” सोपान म्हणाला. “इंजनाला वाचून दावा.”

अक्षय्यतृतीयेला समारंभ झाला. चारही मानकऱ्यांनी आपापल्या तारा ठरावाप्रमाणे लावल्या, सोपानने खाली वाकून काळी लावली, नारळ फुटला, हलगी वाजली, आणि हंबीररावांनी किल्ली फिरवली. इंजीन दोनदा कण्हलं. मग फाडकन आवाज होऊन वरून वीतभर जाळ निघाला आणि आप्पासोंच्या फेट्याचा शेमला जळाला. हलगीवाला हलगी टाकून पळाला तो दुसऱ्या दिवशी सापडला. मी इतिवृत्तात लिहिलं, “इंजिनाने ठराव क्रमांक चौदाशी असहमती दर्शवली.”

चौकशी उपसमिती नेमली. इंजीन परमुलखातलं असल्याने त्याला स्थानिक रूढींची कल्पना नाही, असा निष्कर्ष तिने काढला. मग वरून मार्गदर्शन मागवायचं ठरलं. मी साताऱ्याच्या एका कचेरीला लिहिलं. तिने कळवलं की, दक्षिण सातारा जिल्ह्याचं नाव सांगली होऊन चार वर्षं झाली, तरी सांगलीस विचारावं. सांगलीच्या कचेरीने कळवलं की, पालखीचा मान साठ सालच्या आधीचा असल्याने त्याची कागदपत्रं साताऱ्यास असतील. दोन्ही पत्रं अतिशय सौजन्याने लिहिलेली होती. मी ती फायलीत लावली. सहा महिन्यांत फाईल विटेएवढी जाड झाली, आणि उपसमितीला तीन वेळा मुदतवाढ मिळाली.

मोटार या काळात अगदीच बसून नव्हती. पंधरा ऑगस्टला बारा जणांनी तिला ढकलत गावातून मिरवलं. सोपानने भोंगा वाजवला. “चालती की चांगली,” आप्पासो म्हणाले, आणि त्यांचं खोटं होतं असं म्हणता येत नव्हतं.

घरी मात्र वातावरण तापत होतं. एका संध्याकाळी मी फाईल उघडून बसलो असताना मनुबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

“आवं, तुमच्या समितीला मुदतवाढ मिळती,” ती म्हणाली. “मला न्हाई मिळायची.”

मी म्हणालो, “प्रकरण विचाराधीन आहे.”

“आन मी?” ती म्हणाली. मी फाईल मिटली. मनातून मला तिची भीती वाटत होती. त्याहून जास्त तिच्यासाठी भीती वाटत होती.

दिवाळी झाल्यावर आठवड्याने, सकाळी साडेसातला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. सातची एसटी गेली होती. सुईण पारूबाईने पोट चाचपलं आणि बाहेर येऊन मला सांगितलं, “मास्तर, प्वार आडवं हाय. हे माज्या हातचं काम न्हाई. दुपारच्या आत सांगली गाठा.” बैलगाडीला सांगलीपर्यंत सहा तास लागायचे.

मी धावत सुटलो. कुठे गेलो, हे सांगायची आजही लाज वाटते. मी चावडीवर गेलो आणि तातडीची सभा बोलावली.

सात सभासदांपैकी आलो तिघं. हंबीरराव, गुंडाबा आणि मी. गणसंख्येला एक कमी. आप्पासो उसाच्या तोडीवर गेले होते. भाऊसो पलूसला पाहुण्याकडे, उरलेले दोघं सातच्या एसटीने बाजाराला. मी इतिवृत्तात वेळ लिहिली.

हंबीररावांनी माझ्याकडे बघितलं. “मास्तर, बायकू तुमचीच हाय न्हवं?”

“होय.”

“मग सभा कसली घेताय?”

“ठराव चौदा आहे. तो बदलल्याशिवाय तारांना हात लावता येत नाही.”

“मी सरपंच हाय. मला बी ठराव मोडता येत न्हाई.” त्यांनी आपली खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. “पर मला हितनं मोटार दिसत न्हाई. गुंडाबा, तुला दिसती का?”

“मला जवळचं दिसत न्हाई आवं,” गुंडाबा म्हणाला आणि त्यानेही खुर्ची फिरवली.

तेवढ्यात बाहेरून घरघर ऐकू आली. आधी मला पिठाची गिरणी वाटली. जाऊन बघतो तर पारूबाईने सोपानला आधीच गाठलं होतं. त्याने तीन तारा काढून फिरवून लावल्या होत्या, आणि सहा महिने दोन जिल्ह्यांना न उलगडलेलं इंजीन पहिल्या किल्लीला सुरू होऊन मांजरासारखं गुरगुरत होतं. आनंदाने मला रडू आलं. मनुबाई मागच्या फळीवर निजलेली होती. इतिवृत्ताची वही काखेत मारून मीही मागे चढलो.

गावाबाहेर उसाच्या गाड्यापाशी आप्पासो उभे होते. चालती मोटार बघून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि रस्ता अडवला.

“कुटल्या क्रमानं चालू केलीस रं?”

“इंजनाच्या,” सोपान म्हणाला.

“आन आमचा मान?”

मागच्या फळीवरून मनुबाईने दात आवळत मान वर केली. “आप्पासो, तुमी पयलं, देव तुमच्या म्हागनं. आता वाटंतनं बाजूला व्हा.”

आप्पासो बाजूला झाले. एवढा मान त्यांना जत्रेतही मिळाला नव्हता.

साडेनऊच्या आत आम्ही सांगलीत होतो. दुपारी मुलगी झाली. साडेसहा पौंड, आवाज भोंग्याहून मोठा. आई सुखरूप. मी सोपानचे हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

पुढच्या सोमवारी समितीची सभा झाली. यावेळी गणसंख्या पूर्ण होती. विषय पहिला, चिटणिसांचं कन्यारत्नाबद्दल अभिनंदन. एकमताने मंजूर. विषय दुसरा, विनाठराव तारा फिरवल्याबद्दल सोपान कांबळे यांना नोटीस, आणि तारा पूर्ववत मानाच्या क्रमाने लावणे. तोही एकमताने मंजूर. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. नोटीस मीच लिहिली. तिच्यात असं एक वाक्य होतं की, “आपला अधिकार फक्त काळ्या तारेपुरता मर्यादित आहे.”

सोपानने नोटीस दोनदा वाचली. मग तीन तारा पूर्वीसारख्या मानाच्या क्रमाने लावल्या, खाली वाकून काळी तार सोडवली, गुंडाळली आणि खिशात घातली.

“ती कुठं न्हेतोस?” हंबीररावांनी विचारलं.

“ही आमच्या वस्तीच्या मानाची. ठरावात हाय. घरी खुटीला ठेवतो.”

आप्पासोंनी भोंगा दाबून बघितला. वाजला नाही. दिवा लावून बघितला. लागला नाही. मानाच्या चारही तारा जागच्या जागी होत्या, पण काळ्या तारेवाचून वीजच फिरेना आणि मोटार भिंतीसारखी गप्प होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ठराव चाळला. सोपानचं म्हणणं नियमाला धरून होतं.

तेव्हापासून व्यवस्था सुरळीत चालली आहे. मोटार चावडीपुढे मानाच्या क्रमाने उभी असते. कोणी आजारी पडलं की त्या घरचा माणूस बुद्धवस्तीत जातो आणि सोपानच्या ओट्यावर बसून चहा पितो. पूर्वी तिथे कोणी पाणीसुद्धा पीत नसे. सोपान खुंटीवरची तार घेऊन येतो, तीन तारा फिरवतो, सांगलीला जाऊन येतो आणि सगळं होतं तसं करून ठेवतो. त्या वेळी सरपंच भिंतीकडे तोंड करून बसतात. आप्पासोंची आई, भाऊसोंचा थोरला, गुंडाबा स्वतः, सगळे जाऊन आले. पहिल्या सात वर्षांत एकेचाळीस माणसं दवाखान्यात वेळेवर पोचली. इतिवृत्तात मात्र दरसाल मी एकच ओळ लिहितो, “मोटार अद्याप सुरू झालेली नाही, प्रकरण विचाराधीन आहे.”

माझ्या त्या मुलीचं यंदा लग्न ठरलं. पत्रिका आष्ट्याच्या छापखान्यात सोळा दिवस अडकून पडली, कारण निमंत्रकांत थोरल्या मेहुण्याचं नाव आधी की धाकट्या चुलत्याचं, हे ठरेना. छापखानेवाला कंटाळून म्हणाला, “मास्तर, कुठल्याबी क्रमानं छापली तरी लगीन लागतंय की.” त्याला परंपरेची जाण नाही, असं माझं मत पडलं.

तुम्ही बोरवाडीला हसत असाल तर खुशाल हसा. पत्रिका एव्हाना तुम्हालाही पोचली असेल. लग्नाची तारीख बघण्याआधी तुम्ही तिच्यात आपलं नाव कितवं आहे ते मोजलंत की नाही, एवढंच मला कळवा. इतिवृत्तात घ्यायचं आहे.