दस्तगीरभाई आणि माझं कोलेस्टेरॉल

दुसऱ्याच्या भज्यांचा कागद उन्हाला धरून बघणारा माणूस अख्ख्या रहिमतपुरात एकच, आमचे शेजारी दस्तगीरभाई टेलर. मी एसटी स्टँडसमोरच्या गाड्यावर कांदाभजी खात असलो की ते मागून येतात, भजी माझ्या ओंजळीत ठेवतात आणि कागद सूर्याकडं धरतात. तेल प्यालेल्या कागदातून पलीकडची एसटी आरपार दिसते.

"मास्तर, पाटी वाचता येतीय यातनं," ते शांतपणे सांगतात. "ह्ये समदं डोक्याच्या नळ्यांत चाललंय."

माझी बाजूही सांगायला हवी. मी तीस वर्षं शाळेत 'संतुलित आहार' हा धडा शिकवला आणि त्यातली निम्मी वर्षं मधल्या सुट्टीत याच गाड्यावर काढली. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलच्या गोळ्या दिल्या, त्या मी कपाटात ठेवल्या. जवळ असल्या की धीर येतो, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध होता. आता रोज घेतो, पण ते हल्लीचं.

दस्तगीरभाईंचा रक्ताचा रिपोर्ट मात्र कायम शर्टाच्या खिशात. तो त्यांनी पोस्टमनलाही दाखवलाय. गेल्या ईदेला त्यांच्याकडून आमच्याकडं शिरखुर्म्याचा डबा आला नाही, भिजवलेले बदाम आले. सहा. बायकोनं विचारलं, तुमचं भांडण झालंय का?

शेवटी एका सकाळी त्यांनी मला उपाशीपोटी साताऱ्याच्या गाडीत बसवलं. रक्त दोघांनीही दिलं. दुपारी निकाल आला. माझा आकडा त्यांच्यापेक्षा बराच मोठा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी पहिला आलो.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. ऐन वयात कोलेस्टेरॉल वाढलेलं राहिलं तर हृदयाला त्रास होतोच, पण म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो. वाढतो म्हणजे होतोच असं नाही. कारणं अनेक असतात. पण जे आपल्या हातात आहे ते कशाला सोडायचं?

मला अशा वेळी विनोद सुचतो. विसरायला झालं तर बरंच, बायकोची बोलणी तरी विसरेन, असं मी म्हणालो. डॉक्टर हसले. दस्तगीरभाई हसले नाहीत. आम्ही परतीची गाडी धरली. गावात उतरल्यावर ते म्हणाले, "मास्तर, जरा भाईजानकडं येता का?"

त्यांचे थोरले भाऊ मागच्या गल्लीत राहतात. ते आजारी असतात एवढंच मला ठाऊक होतं. आईवडील लवकर गेले तेव्हा या भावानंच दस्तगीरभाईंना वाढवलं आणि शिलाईच्या मशीनवर बसवलं, हे मला त्या दिवशी चालता चालता कळलं.

भाऊ खाटेवर बसले होते. अंगात स्वच्छ सदरा, गळ्यात टेप. या घरातली बोली दखनी. आत्ताही आतून त्यांच्या सुनेचा आवाज दखनीतच येत होता. पण दस्तगीरभाईंना बघून भाऊ मराठीत बोलले, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

"या पावणं. शर्ट का लेंगा?"

"शर्ट," दस्तगीरभाई म्हणाले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

भाऊ उठले. छाती, खांदा, बाही. त्यांची बोटं कुठंच अडखळली नाहीत. सून चहा घेऊन बाहेर आली होती. तिनं मला हळूच सांगितलं, चाचा रोज येतात, रोज माप देऊन जातात. तेवढा वेळ अब्बांचा हात त्यांच्या अंगावर असतो.

भाऊंनी दस्तगीरभाईंची कॉलर दोन बोटांत धरून उलटी केली, आतली शिवण बघितली.

"ह्यो कुणी शिवलाय? हात बरा हाय."

"मीच. थोरल्या भावानं शिकवलंय मला."

भाऊंनी त्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चांगला माणूस असंल. हाय का अजून?"

"हाय की," दस्तगीरभाई म्हणाले.

पाठीचं माप घ्यायला भाऊंनी त्यांना वळायला सांगितलं. वळल्यावर त्यांचं तोंड माझ्याकडं आलं. मी उगाच उंबऱ्याबाहेर माझ्या चपला शोधू लागलो.