रत्नाक्कांचं पातेलं

रत्नाक्कांच्या शेळीचे चारही पाय गुडघ्यापर्यंत गुलाबी होते. लोहाऱ्याला शाळेत बदली झाली म्हणून मी भाड्याची खोली बघायला गेलो, तर दारातच ही शेळी उभी. मी हबकून तिच्याकडे बघत राहिलो. तेवढ्यात आतून घरमालकीण आल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत हिरवे!

"भिऊ नका सर. घमेल्यातल्या रंगात शिरली हुती. दोन दिसात जाईल," त्या म्हणाल्या.

पुढे तीन महिने शेळी गुलाबीच होती.

रत्नाक्कांना घरच्या घरी कपडे रंगवायचं वेड होतं. धंदा नव्हे, निव्वळ वेड. कपडा फिका पडला, डागाळला, की त्यांना बघवत नसे. "विटलंय की वो हे," असं म्हणत त्या तो बोटांनी चाचपायच्या, जणू त्याला ताप भरलाय. दर मंगळवारी अंगणात तुराट्यांचा जाळ पेटायचा. वर भलं मोठं जर्मनचं पातेलं. पाणी उकळलं की रंगाची पुडी, दोन मुठी मीठ आणि मग काठीनं ढवळणं. माहेर कर्नाटकातलं, त्यामुळं काठीचे फेरे कानडीत मोजायच्या. मध्येच कुणी हाक मारली की आकडा चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून "ओंदु, एरडु, मूरु" सुरू व्हायचं.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण आमच्या नळाला पाणी यायचं चार-आठ दिवसांनी. तापवलेलं रंगाचं पाणी ओतून देणं अक्कांच्या लेखी पाप. घरातले कपडे संपले आणि पाण्यात रंग उरला, की त्या अंगणातल्या दोरीवर दिसेल ते ओढून आत टाकायच्या. आणि दोरी आमची सामाईक होती.

पहिल्याच महिन्यात माझा टॉवेल जांभळा झाला. मग उशीचे अभ्रे मोरपंखी झाले. एका मंगळवारी शाळेतून आलो, तर माझा झेंडावंदनाचा पांढरा शर्ट आमरसात बुडवून काढल्यासारखा दोरीवर लटकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला झेंडावंदन!

"अक्का, माझा शर्ट!" मी ओरडलोच.

"त्याची कॉलर पिवळी पडली हुती. आता सगळाच पिवळा हाय. कुणाला कळतंय?"

दुसरा धड शर्ट नव्हता. तोच घालून गेलो. राष्ट्रगीत संपेपर्यंत मुख्याध्यापकांना हलता येत नव्हतं, म्हणून तेवढा वेळ तरी वाचलो.

स्वतः अक्का मात्र कायम राखी सुती लुगड्यात. "रंगाच्या कामाला हेच बरं," असं म्हणायच्या. मलाही ते पटायचं. माझं सगळं लक्ष माझे कपडे वाचवण्यात.

त्याच वर्षी माझे वडील गेले. तेरावं उरकून मी आईला आमच्या गावाहून, ईटहून, लोहाऱ्याला आणलं. सोबत पत्र्याची एक पेटी. तिच्यात दुखवट्याला नातेवाइकांनी आणलेल्या साड्या. सगळ्या पांढुरक्या, राखी, मातकट. बाईचा नवरा गेला की रंगीत नेसू नको असं आमच्याकडे तोंडानं कुणी म्हणत नाही, फक्त साड्या तशा आणतात. जन्मभर हिरव्या आणि डाळिंबी रंगावर जीव टाकणारी माझी आई त्यातली एक गुंडाळून भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवण दोन घास. बोलणं तेवढंही नाही.

"आई, तुझी डाळिंबी आणून देऊ का गावाकडनं?" मी एकदा विचारलं.

"कुणासाठी नेसू आता?" ती म्हणाली. "आन् लोकं काय म्हणतील?"

वडिलांच्या मागोमाग हीसुद्धा हातची जाते की काय, या भीतीनं मला शाळेत शिकवणं सुचेना.

आणि अशातच मंगळवार आला. शाळेतून घरी पोचलो आणि फाटकातच थांबलो. पेटी अंगणात उघडी पडलेली. दोरीवर ओळीनं आईच्या साड्या. एक पोपटी, एक डाळिंबी, एक वांग्याच्या रंगाची!

माझं डोकंच फिरलं. "अक्का! दुखवट्याच्या साड्या आहेत त्या! विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर न्हाय म्हणल्या असत्या," अक्का शांतपणे म्हणाल्या.

मी आईकडे बघितलं. ती रडत असणार असं मला वाटलं होतं. ती पातेल्यात वाकून बघत होती.

"अक्का, ही का वो रंग धरंना?"

अक्कांनी काठीनं ती साडी उचलली. होती तशी पांढुरकी. "ही सुती न्हाय. कुणी दिली?"

"माझ्या थोरल्या नणंदंनं. भारीतली सुती हाय म्हणून चारचौघांत सांगितलं की!"

"पॉलिस्टर हाय. पातेल्याम्होरं खोटं चालत न्हाय."

आई हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदा. "वाटलंच हुतं मला," म्हणत पदर तोंडाला लावून हसत राहिली. मी पायरीवर बसकण मारली. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही.

दुसऱ्या दिवशी आई डाळिंबी साडी नेसली. फॉलचा दोरा तेवढा पांढराच राहिला होता. पुढच्या मंगळवारी ती आपण होऊन अक्कांशेजारी पाट टाकून बसली आणि सहज म्हणाली, "अक्का, तुमचं लुगडं कसं वो रंगवलं न्हाय कधी?"

अक्कांची काठी थांबली. आकडा चुकला.

"मालक जाऊन बावीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "कुणीतरी म्हणंल, रत्ना, रंगीत नेस. लई वाट बघितली. कुणी म्हणलंच न्हाय. आपलं आपण कसं रंगवावं? लाज वाटती की वो."

आणि त्यांनी पुन्हा ओंदुपासून सुरुवात केली.

दिवाळीच्या सुट्टीतला मंगळवार होता. अक्का दळण आणायला गिरणीवर गेल्या. त्यांचं दुसरं राखी लुगडं दोरीवर होतं. आईनं ते खसकन ओढलं आणि उकळत्या पोपटी रंगात टाकलं. मी धावलो.

"आई, अगं, त्यांना विचार तरी!"

"विचारलं तर न्हाय म्हणतील," आई म्हणाली आणि मराठीत मोजत ढवळू लागली.

अक्का परत आल्या, तेव्हा लुगडं पोपटी होऊन दोरीवर लटकत होतं. डोक्यावरचा पिठाचा डबा तसाच धरून दोरीसमोर उभ्या राहिल्या. लोहाऱ्यातल्या निम्म्या लोकांना आजवर धक्के देणाऱ्या बाईला आज स्वतःलाच धक्का बसला होता. आता काय होतंय म्हणून मी घाबरून गेलो.

त्यांनी डबा खाली ठेवला. पिठाचे हात स्वतःच्या अंगावर पुसले, लुगड्याचा काठ चिमटीत धरून बघितला. मग दुपारपर्यंत त्या तीनदा बाहेर येऊन वाळलं का बघून गेल्या. चौथ्यांदा आल्या, तेव्हाही ते दमटच होतं. त्यांनी ते काढलं, आत नेलं आणि तसंच नेसल्या.