पिकअप आणि मोठ्यांचा मान

प्रत्येक यंत्राला मोकळा श्वास घेण्याचा नैसर्गिक हक्क आहे. सदर हक्काची नागपुरात ज्या निष्ठेने जपणूक होते, ती पाहून ऊर भरून येतो.

आमचे शेजारी चंपतराव हे निवृत्त हेडक्लार्क. त्यांची डिझेल गाडी रोज सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यापर्यंत जाते (अंतर नऊशे मीटर) आणि तिथे पाऊण तास एसीसाठी चालू उभी राहते (पोहे आत मागवले जातात). अशा गाडीच्या सायलेन्सरच्या नळीत कंपनीने काजळी अडवणारा फिल्टर बसवला आहे. तो तुंबला, की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि इंजिनाचा दम कोंडतो. चंपतरावांनी दिव्यावर पत्नी गोपिकाबाईंची टिकली चिकटवली. दिवा दिसेनासा झाला, पण बायकोची टिकली वाया गेली. पिकअप काही आला नाही.

जरीपटक्याच्या नत्थू मिस्त्रींनी आधी फुकटचा उपाय सांगितला.

"साहेब, फिल्टरमंदी खराबी नाही. हप्त्यातून एक डाव गाडी सावनेरपर्यंत दाबून पळवा. नळी तापते, काजळी जळून जाते."

"सावनेरले माह्यं कोण आहे गा?" चंपतराव म्हणाले. "काढून टाक."

मिस्त्रींनी फिल्टर कापून पोकळ नळी जोडली. पिकअप असा आला, की पहिल्याच दिवशी गाडी ठेला ओलांडून गेली आणि मागे घ्यावी लागली. आमच्या पाहणीत (नमुना : ठेल्यावरचे अकरा जण) शंभर टक्के नागरिकांनी तिचे कौतुक केले. चौघे खोकत होते. ते तर्रीमुळे, अशी नोंद घेण्यात आली. धुराचे प्रमाणपत्र तर फोटोवरच मिळाले (गाडी बंद राहिली ती त्या फोटोपुरतीच).

चंपतरावांच्या घरी एक रिवाज आहे. सकाळी गेटमधून आधी मोठ्यांची गाडी निघते, मागून सून दिपालीची मोपेड. मोपेडवर पुढे उभी असते नात चिन्मयी, वय सहा. चौकापर्यंत मोठ्यांना ओलांडून जायचे नाही.

दोन महिन्यांत चिन्मयीला खोकला लागला. एकदा खोकता खोकता पोरीचे ओठ निळे पडले, दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टर म्हणाले, धुरापासून दूर ठेवा.

"बाबा, उद्यापासून मले आधी निघू द्या," दिपाली म्हणाली.

"काहून वं? घराची काही पद्धत आहे का नाही?"

मास्क मात्र चंपतरावांनी स्वतः दुकानात जाऊन आणला. सर्वांत भारी, गुलाबी, सशाच्या चित्राचा. नातीवर त्यांचा फार जीव आहे. अशा रीतीने घरातला फिल्टर घरातच राहिला. नळीतून निघाला आणि पोरीच्या तोंडावर आला.

आपण चंपतरावांना हसलात, बरे वाटले. आपलीही गाडी आत्ता एसीसाठी चालूच असेल. मागे कोण उभे आहे हे दिसावे म्हणून कंपनीने आपल्यालाही आरसा दिला आहे. एकदा बघून घ्या. भांग ठीक आहे ना?