बिशपची बदनामी

घोडा विकायचा नसेल तर काय करावं? सरळ बाजारात न्यावा आणि त्याच्याबद्दल खरं बोलावं! इतकी सोपी युक्ती सबंध आयर्लंडात आजवर कुणाला सुचली नाही, याचं फर्गस मुलरूनीला मोठं नवल वाटत होतं. त्या ऑक्टोबरातल्या सकाळी स्वतःच्या डोक्यावर बेहद्द खूश होऊनच तो बिशपला घेऊन किलमोराच्या घोड्यांच्या बाजाराला निघाला.

बिशप म्हणजे त्याचं कबरं तट्टू. पोट सुटलेलं आणि ऐकायचं कुणाचंच नाही, म्हणून हे नाव. कुंपण दिसलं की मोडायचं, गाडी दिसली की मागे सरायचं. फर्गसच्या बायकोचा, डिम्फनाचा, चर्चला जायचा चांगला झगा त्याने दोरीवरून ओढून बाह्यांसकट खाल्ला होता. पण फर्गसचा जीव त्याच्यात अडकलेला! मुलं केव्हाच बोस्टनला गेली. शेत पुतण्याकडे गेलं. आता गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे नवराबायकोला गावात, कॉन्व्हेंटच्या शेजारच्या घरात राहायला जायचं होतं. तिथल्या परसात एक कोंबडी मावली तरी पुष्कळ.

"गिऱ्हाईक मिळालं की विकायचा. कबूल?" डिम्फनाने विचारलं होतं.

"कबूल. आणि नाहीच मिळालं तर?"

"तर ठेव त्याला तुझ्या उशाशी!"

एवढं आश्वासन फर्गसला पुरेसं होतं.

त्या काळच्या बाजाराची एक रीत होती. आपल्या घोड्याबद्दल वाईट शब्द काढायचा नाही! 'अंगात जरा रग आहे' म्हणजे गाडीची लाकडं करील. 'विचारी आहे' म्हणजे भर रस्त्यात तासभर उभा राहील. 'खेळकर' म्हणजे चावतो. विकणारा गोड बोले, घेणारा मनात त्याचा अर्थ लावून घेई, आणि आपण फसलो असं कुणाला वाटत नसे. काय बाजार होते ते! आता घोडे ट्रकमधून येतात आणि माणसं तोंड न उघडता व्यवहार करून जातात.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कॅव्हनकडचं, हिरव्या टोपीतलं.

"कसा आहे हो घोडा?"

"नाठाळ!" फर्गस छाती काढून म्हणाला.

टोपीवाला दचकला. "काय म्हणालात?"

"नाठाळ आहे. हट्टी आहे. चार पायांचं संकट आहे!"

टोपीवाला निघून जाईल अशी फर्गसची खात्री होती. तो निघून गेला नाही. त्याने डोळे बारीक केले, बिशपभोवती एक फेरी मारली आणि मित्राला हाक मारली, "अरे, इकडे ये! म्हातारा स्वतःच्याच घोड्याला शिव्या देतोय. यात नक्की काहीतरी आहे!"

"शर्यतीचं रक्त असणार," मित्र कुजबुजला. "त्याला विकायचा नाहीये, म्हणून लपवतोय!"

निम्मं अगदी बरोबर ओळखलं होतं की! फर्गसला घाम फुटला.

"अहो, द्वाड आहे!" तो ओरडला. "उनाड, हूड, मस्तवाल!" जितका ओरडला तितकी गर्दी वाढली. बिशपनेही मालकाच्या शब्दाला जागून हिरवी टोपी उचलली आणि चावायला घेतली.

"दात बघा, दात!" गर्दी कौतुकाने म्हणाली.

मग बिशपने मागची लाथ झाडली. शेजारच्या चहाच्या तंबूचा खांब गेला आणि आतली माणसं कापडाखाली वळवळू लागली.

"काय ताकद आहे!"

बोली चढत गेली. बार्टली क्विर्क हा बाजारातला दलाल धावत आला. दोघांचे हात ओढून एकमेकांवर आपटायचे, हे त्याचं काम. हात आपटला की सौदा झाला. मग तो मोडायची कुणाची छाती नव्हती. फर्गसने दोन्ही हात खिशात कोंबले.

"बेलगाम आहे रे! अनावर आहे! बेफाम आहे!" त्याचा आवाज आता रडकुंडीला आला होता.

"अवखळ राहिलं," मागून आवाज आला.

गर्दी आपोआप दुभंगली. टोप्या उतरल्या. कॉन्व्हेंटच्या सिस्टर कॉन्सेप्टा उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ मात्र ताठ. निम्म्या बाजाराने त्यांच्या हातची छडी खाल्ली होती.

"फर्गस मुलरूनी, हे सगळे शब्द माझे आहेत. मी ते तुझ्याबद्दल तुझ्या आईला सांगत असे."

"हो सिस्टर."

"पाढे विसरलास. हे बरे लक्षात राहिले! इतके शब्द मी दुसऱ्या कुठल्या पोरावर खर्च केले का?"

"नाही सिस्टर."

"गुणी पोरांना एक शब्द पुरायचा. त्यातल्या एकाचंही नाव आज मला आठवत नाही." त्यांनी त्याच्या खिशांकडे बोट दाखवलं. "हात बाहेर काढ."

साठी उलटलेल्या फर्गसने दोन्ही तळहात पुढे केले. सवय! गिऱ्हाईक कोण ते ओळखून बार्टलीने तेवढ्यात त्यातला एक पकडला. रीतीप्रमाणे आधी तळहातावर थुंकायचं असतं, पण ननबाईंना ते सांगायचं कसं, या विचाराने तो घुटमळला. सिस्टर कॉन्सेप्टा खुशाल थुंकल्या आणि त्यांनी टाळी दिली. सौदा झाला!

"नाव काय याचं?"

"बि... बिशप, सिस्टर."

"उत्तम. एखादा बिशप आमचं ऐकतोय, हे बघायची फार दिवसांची इच्छा होती." त्यांनी दोर घेतला. "चल."

आणि बिशप गेला! मान खाली घालून, मेंढरासारखा. आता उधळेल, मग उधळेल म्हणून फर्गस डोळे फाडून बघत राहिला. पण बिशपने एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही. फर्गसला फार वाईट वाटलं.

"खोटारड्या!" टोपीवाला फाटकी टोपी हलवत म्हणाला. "इतक्या गरीब जनावराची बदनामी केलीस?"

कोपऱ्यावर सिस्टर थांबल्या आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी फर्गसला काहीतरी बजावलं.

घरी डिम्फना दारातच उभी होती. "विकला?"

"विकला. कॉन्व्हेंटला."

"बाई गं! म्हणजे शेजारीच की. पण सुटलास एकदाचा!"

"सुटतोय कसला!" फर्गस बूट काढता काढता म्हणाला. "उद्यापासून रोज सकाळी सातला खरारा करायला जायचंय. नखं कापून आणि कान धुऊन!"