तांबं दाखवा

एप्रिलमधला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. जागा सी विंगचा जिना, कारण सभागृह बिल्डरने नकाशातच ठेवलं. हजर: मी म्हणजे सोसायटीची सेक्रेटरी, अध्यक्ष जाधव सर, ए विंगच्या शेख भाभी, बी विंगच्या कुलकर्णी वहिनी, सोबत रिकामी बादली, आणि सी विंगच्या तळमजल्यावरचे वसंतराव टाकळकर, शर्टाच्या खिशात दाढीचं ब्लेड. बाकीचे सभासद टँकरच्या रांगेत. विषय एकच: टाकळकरांच्या रिकाम्या पाइपातून पाणी सोडायचं का नाही.

बादलीचं पुढे सांगते. आधी ब्लेड.

टाकळकर काकांपुढे कोणतीही वायर आली की ते आधी तिची साल काढतात. मग आतली तार ब्लेडने खरवडतात, उजेडात धरतात आणि तोंड वाकडं करतात. नवीन टीव्हीबरोबर माझ्याकडे इंटरनेटची केबल लावायला माणूस आला होता. हे न बोलावता हजर. "तांबं दाखवा," म्हणाले. तो बिचारा बघतच राहिला. काकांनी तोवर त्याच्या गुंडाळीचं टोक सोललंसुद्धा.

"हे अॅल्युमिनियम आहे, सेक्रेटरीबाई. वरून तांब्याचा मुलामा. लग्नात भाड्यानं आणलेले दागिने असतात ना, तसं. चार दिवस चमकंल, मग बसा बोंबलत."

मी म्हटलं, "काका, मला फक्त मालिका बघायच्यात."

"मालिका का असंना. तांब्यावरून बघा."

माणूस कोषागारात कारकून होता. आयुष्य फायलींत गेलं, निवृत्तीनंतर वायरींत पडला. निवृत्त माणसं बागकाम करतात, सकाळी फिरायला जातात, पेपरवाल्याशी भांडतात. यांनी घरभर इंटरनेटची तोंडं बसवून घेतली. हॉलमध्ये, स्वयंपाकघरात मिक्सरच्या बाजूला, देवघरात समईच्या वर. देवघरात कशाला, असं मी विचारलं. "उद्या लागलं तर भिंत कोण फोडणार?" आता देवांना उद्या काय लागणार होतं ते काकांना माहीत.

इलेक्ट्रिशियन तर त्यांच्या दारावरून जाताना चाल वाढवतात. विजेची वायर आणि ही वायर एकाच पाइपात घातलेली दिसली की काका ओरडतात, "अरे, सासू-सुनेला एका मोरीत कोंडायलास काय!" कोपऱ्यावर वायर काटकोनात दाबली की, "वळव रे बाबा, मोडू नको. लेकराची मान धरतो तसं धर." आणि कोणी वायफायचं नाव काढलं तर एकच शब्द: "हवा." दुसरे लोक 'दारू' ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात.

सल्ला मात्र ते मागेल त्याला देतात, न मागेल त्याला जास्त देतात. जाधव सरांच्या मुलाने सिडकोत ऑफिस काढलं आणि भोळेपणाने काकांना विचारलं, कोणती केबल घेऊ? झालं. जवळच्या टेबलांना कॅट सिक्स चालेल, पण लांबवर तोच वेग हवा तर सिक्स ए. ती चपटी, कॅट सेव्हन म्हणून विकतात तिला हात लावू नको. शिल्डवाली घेणार असशील तर आधी अर्थिंग दाखव. आणि शंभर मीटरच्या पुढे तांबं थकतं, हे पाठ कर. हे सगळं बरोबर असेलही. पण निवड होईपर्यंत कॉम्प्युटर खोक्यांतच राहिले. शेवटी मुलाने गुपचूप वायफाय लावून घेतलं. काकांनी त्या रस्त्याने जाणं सोडलं.

एकदा गुलमंडीच्या मागच्या गल्लीत मला त्यांच्याबरोबर दुकानात जावं लागलं. दुकानदाराने गुंडाळी काउंटरवर आपटली. "चचा, असली माल है. आँख बंद करके ले जाव."

"डोळे उघडे ठेवूनच घेईन. तांबं दाखवा."

"नक्को चचा, काटू नक्को! पिछले हफ्ते बी तुम काटे थे!"

तोवर कापून झालं होतं. खरवडलं, पांढरं निघालं. काकांनी ते टोक दुकानदाराच्या तळहातावर ठेवलं आणि नमस्कार करून बाहेर पडले. उन्हात मी त्यांच्या मागे. गाडीचं पेट्रोल माझं.

आता पाइप. पडेगावकडे आम्ही घरं घेतली तेव्हा आजूबाजूला बाजरी होती. मग बाजरीच्या जागी बिल्डिंगा आल्या, बिल्डिंगांच्या मागोमाग इंटरनेट आलं, पाणी काही आलं नाही. नळ आठवड्यातून एकदा, तोही आला तर. यंदा बोअर आटली. टँकरची टाकी गेटपाशी आणि सी विंग पार मागे, म्हणून तिथवर नवी पाइपलाइन टाकायला चर खणला. काका चराच्या काठावर छत्री घेऊन उभे. "याच चरात माझा एक पाइप जाऊ द्या. खर्च माझा. इंटरनेटची पेटी गेटवर आहे, मागच्या विंगला मोबाइलला धड रेंज नाही, आणि लिंबावरून लटकणारी ती वायर खारूताईंनी कुरतडलीय. जमिनीखालून वायर शंभर मीटरच्या आत बसती. मी मोजलंय."

लोक घसा ओला करायला तडफडत होते आणि या माणसाला वेग हवा होता. पण चर खणलेलाच होता, खर्च त्यांचा होता, मी होकार दिला. पाइप गेला. वायर ओढायला आत नायलॉनची दोरीही घालून ठेवली. फक्त वायर आली नाही. शहरात काकांच्या पसंतीचं तांबंच नव्हतं. पाइप तसाच रिकामा.

दुष्काळात रिकामा पाइप लोकांच्या डोळ्यांवर येतो. बी विंगपाशी त्याचं एक तोंड वर काढलेलं होतं. कुलकर्णी वहिनींनी प्लंबर बोलावला आणि त्या तोंडाला चक्क नळ बसवून घेतला. कशाचा पाइप, कुठून आला, विचारायचं नाव नाही. जमिनीतून पाइप निघालाय म्हणजे पाणी येणार. त्या रोज सकाळी खाली बादली लावत आणि रोज संध्याकाळी माझ्याकडे तक्रार करत. तीच बादली घेऊन त्या सभेला आल्या होत्या.

"पाइप खाली पडेला है, तो पानी छोडो ना," शेख भाभी म्हणाल्या. "त्या नव्या लाइनीत प्रेशर नाही. मागची विंग सुकी ती सुकीच."

"मागच्या विंगेत मीच राहतो," काका म्हणाले. "मला नको पाणी."

"तुम्हाला नको, वरच्यांना हवंय," जाधव सर म्हणाले. "काका, महिने झाले. वायर कुठंय?"

"भेटंना. चांगली भेटंना."

"मग पाणी सोडू."

काकांचा हात ब्लेडाच्या खिशावर गेला, सवयीने. मग खाली आला. "एवढा उन्हाळा थांबा," म्हणाले. ओरडले नाहीत. ते ओरडले नाहीत म्हणून सभा गोंधळली, आणि गोंधळलेल्या सभेत जे होतं तेच झालं: काम सेक्रेटरीवर ढकललं. मी काकांच्या घरी जाऊन पाइपाचं दुसरं तोंड बघायचं आणि त्यांची समजूत घालायची.

संध्याकाळी जेवणाच्या सुमाराला गेले. दार उघडंच होतं. काका टेबलाशी बसलेले. समोरच्या खुर्चीपुढे लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये काकू, पुण्याला, लेकीच्या घरी. त्यांच्यापुढेही ताट. लॅपटॉपची वायर भिंतीतल्या तोंडात. त्यापुढे मात्र लिंबावरची, ती खारूताईंची.

काकू पुण्याला गेल्यात हे आम्हाला ठाऊक होतं. टँकरच्या बादल्या उचलून पाठ गेली, डॉक्टरांनी ओझं बंद केलं, पाणी येईपर्यंत लेकीकडे राहते म्हणाल्या. पुढच्या चौकशीला कोणाला वेळ होता? टँकरच्या वेळी घर सोडता येत नाही, म्हणून काका इथेच.

"या हो, बसा," काकू म्हणाल्या. "अहो, त्यांना वाढा की. आज कारलं केलंय म्हणे यांनी. मला काही इथून—"

आणि थांबल्या. तोंड अर्धवट उघडं, हात ताटावर. चित्र गोठलं.

काकांचा घास तोंडाशी गेला होता. तो तिथेच राहिला. खाली ठेवला नाही, खाल्ला नाही.

"जेवा की काका," मी म्हटलं.

"ती थांबली की मी थांबतो." घास तसाच धरून म्हणाले, "हे असं चाललंय. कधीकधी अख्खी भाजी गार होती."

काकू हलल्या. "—वास येत नाही," त्यांनी वाक्य पुरं केलं. काकांनी घास खाल्ला.

मला काम उरकायचं होतं. मी सरळ सांगितलं, "काकू, काकांचा तो वायरीचा पाइप रिकामा आहे. त्यातून पाणी सोडावं म्हणतोय आम्ही."

"मग सोडा की! पाणी आलं तर मी कशाला राहते इथं? मी आपली—"

पुन्हा गोठल्या. काका नवा घास हातात धरून बसले. पंख्याच्या वाऱ्याने पोळीची कड वाळत होती.

"ऐकलंत का काका?"

"अर्धं ऐकलं," ते म्हणाले. "वायर असती तर पुढचं बी ऐकलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पाइपाच्या तोंडाशी बसून आतली दोरी ओढताना दिसले. निघेल तशी कोपराभोवती गुंडाळत होते, स्वेटरची लोकर गुंडाळतात तशी. "सोडा पाणी," म्हणाले. मग कुलकर्णी वहिनींच्या नळापाशी गेले, ब्लेडने खरवडला आणि तोंड वाकडं केलं. "हा बी पितळी नाय. मुलामा आहे."

पाणी सोडलं. नळ दोनदा खोकला आणि बादलीत धार पडली. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. काका मागच्या विंगेत स्वतःचा ड्रम भरत होते, फडक्याने काठ पुसत होते.

काकू येणार आहेत. पण आधी नातीची परीक्षा, मग लेकीचा दौरा, मग बघू. तोवर जेवण त्याच खारूताईंच्या वायरीवर.

आता वायर गच्चीवरून न्यायची ठरलीय. चढ-उतार धरून तो रस्ता शंभर मीटरच्या पुढे जातो, म्हणून मध्ये बी विंगच्या गच्चीवर एक स्विच, म्हणजे इंटरनेट पुढे ढकलणारी पेटी, बसवावा लागेल, त्याला विजेचा प्लग लागेल, प्लगला पावसासाठी झाकण. तेवढं मी करवून घेतलं. केबलही मीच आणते म्हटलं, कारण काका आणायला गेले तर आणखी एक वर्ष जाईल. काकांनी खिशातलं ब्लेड कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

गुलमंडीच्या मागच्या त्याच दुकानात गेले. गुंडाळी समोर आली. रंग छान, किंमत रास्त, छपाई ठळक. मला बँकेत जायचं होतं, किराणा घ्यायचा होता, टँकरवाल्याला फोन करायचा होता.

"तांबं दाखवा," मी म्हटलं.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. मी टोक सोललं, खरवडलं, दारात येऊन उजेडात धरलं.

पांढरं.

किराणा घेतला, बँक झाली, टँकरवाल्याला फोन झाला. केबल राहिलीय.