सदतीस नंबरचं कुलूप

सकाळी सात वाजता टेम्पो दारात येऊन उभा होता, काचेचं कपाट त्यात चढवायचं होतं, आणि कुलूपकाका मागच्या खोलीच्या कुलपाशी भांडत होते. कपाट बांधायचे दोर त्या खोलीत होते.

"आजकालची कुलपं! किल्ली सरळ फिरेल तर शपथ! याला काय कुलूप म्हणायचं?"

"आधी अर्धा फेरा उलटी फिरवा, मग सुलटी," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सहा वर्षं सांगतेय."

"कुलपांचं तू मला सांगतेस?"

काकांनी घाम पुसला, कोणी बघत नाही याची खात्री केली, किल्ली अर्धा फेरा उलटी फिरवली, मग सुलटी. कुलूप उघडलं.

काका पोस्टाच्या पार्सल खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची बंद खोकी हाताळली आणि स्वतःसाठी जुनी कुलपं जमवली. एकशे एक्केचाळीस. ती ठेवायला वीस वर्षांपूर्वी सागवानी कपाट घेतलं: समोर काच, आत निळी मखमल, आणि दार लोटलं की आपोआप लागणारं कुलूप. त्याची एक किल्ली काकांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात. दुसरी त्यांनी पुलावरून नदीत टाकली होती, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. 'कोणाच्या' म्हणजे काकूंच्या, हे सांगायला नकोच. हाताच्या घामाने लोखंड बिघडतं असं त्यांचं मत होतं, त्यामुळे कुलपं एकदा मखमलीवर मांडल्यावर ते स्वतःही त्यांना हात लावत नसत. समोर खुर्ची टाकून काचेतून बघत बसत.

जुन्या वस्तूंच्या मेळ्यात काका गेली अकरा वर्षं भाग घेत होते आणि अकराही वर्षं त्यांना जागा मिळाली होती ती बोळात, स्वच्छतागृहाच्या दाराला लागून. लोक त्यांच्यापाशी थांबत ते "इकडूनच ना?" एवढं विचारायला. यंदा मात्र बक्षीस जाहीर झालं होतं: सर्वांत उत्तम जपलेल्या संग्रहाला मोठ्या दालनात, खिडकीखाली, कायमची जागा. अट एकच. परीक्षकबाई चार वाजता येणार, कपाट उघडून त्यांनी निवडलेली वस्तू त्यांच्या हातात द्यायची. बंद कपाट बाद. खिडकीखालची ती जागा काकांना झोपेतसुद्धा दिसत होती.

दुपारपर्यंत काका भलतेच रंगात आले होते. शेजारी जुन्या किटल्या घेऊन बसलेल्या किटलीवाल्यांना ते कपाटांचा इतिहास सांगत होते.

"पूर्वी संग्रहाचं कपाट नव्हतंच हो. अख्खी खोली असायची! परदेशातले बडे लोक त्यात शिंपले, शिंगं, नाणी, पेंढा भरलेल्या सुसरी, काय वाट्टेल ते ठेवायचे. पुढे खोलीचं झालं कपाट, कपाटाला आली काच."

"म्हणजे पूर्वी घरच्यांना खोली बंद, आता कपाट बंद," किटलीवाले म्हणाले. "प्रगती आहे."

"थट्टा नको. बघा आत, धुळीचा कण आहे? वीस वर्षांत फडकं फिरवलं नाही. सुतारकामच असं की हवा शिरत नाही! आणि कुलपं बघा. तेलाचा थेंब नाही, तरी चकाकतात. जुनं लोखंड! हे सदतीस नंबरचं तर दोनशे वर्षांचं. याची गंमत सांगू? किल्ली आधी अर्धा फेरा उलटी, मग सुलटी. चोर बिचारा सुलटी फिरवत बसतो."

टेम्पोत हिसके बसून तेच सदतीस नंबरचं कुलूप जरासं तिरकं झालं होतं. पावणेतीनला काकांनी दार उघडलं, हातमोजे चढवले आणि आत वाकले. गळ्यातली किल्ली काचेवर टकटक आपटायला लागली, म्हणून त्यांनी ती काढून मखमलीवर ठेवली. कुलूप सरळ केलं. दोन पावलं मागे येऊन बघितलं. झकास! आणि मोठ्या समाधानाने दार लोटलं.

खट्.

काकांचा हात गळ्याशी गेला. मग खिशाशी. मग परत गळ्याशी. किल्ली काचेच्या आत, सदतीस आणि अडतीस नंबरच्या मधोमध, ऐटीत पहुडली होती.

"ही किल्ली कुठल्या काळातली हो?" एका गृहस्थांनी विचारलं.

"आजच्याच," काका कसेबसे म्हणाले.

किटलीवाल्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "काका, किल्ली आत राहिली की काय?"

"हळू बोला!"

"तुम्ही तर म्हणायचात, तुम्हाला उघडता येत नाही असं कुलूपच नाही."

"ते बाहेरच्या कुलपांबद्दल!"

बाजारातल्या किल्लीवाल्याला फोन करायचा, तर मागच्या वर्षी काकांनी त्याला चारचौघांत सुनावलं होतं, की तू नुसत्या किल्ल्या घासतोस, कुलूप म्हणजे काय ते तुला कळत नाही. तरी लाज गुंडाळून त्यांनी फोन केला.

"कोण, कुलूपकाका? अहो, मला कुठे कुलपातलं काय कळतं?" असं म्हणून किल्लीवाल्याने फोन ठेवला.

मग काका भंगारवाल्याकडे धावले आणि जुन्या किल्ल्यांची बादलीच्या बादली उचलून घेऊन आले. एकेक किल्ली लावून बघायला लागले. दहा झाल्या, वीस झाल्या. मेळ्याला आलेल्या लोकांना वाटलं, हा काहीतरी खेळ आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदाच काकांपुढे रांग लागली.

"एका माणसाला किती किल्ल्या?" रांगेतल्या एका बाईंनी विचारलं.

"तीन," किटलीवाल्यांनी परस्पर जाहीर केलं. "ढकलाढकली नको!"

काका नको नको म्हणत असताना एका धडधाकट पैलवानाचा नंबर आला. त्याने किल्ली घातली, जोर लावला, आणि काडकन आवाज झाला. अर्धी किल्ली त्याच्या हातात, अर्धी कुलपात.

"माझ्या अजून दोन राहिल्यात," पैलवान म्हणाला.

काका खुर्चीत बसले. खिडकीखालची जागा डोळ्यांसमोरून निघून चालली होती. आणखी अकरा वर्षं 'इकडूनच ना?' ऐकायचं! साडेतीन वाजले होते. शेवटी त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, किल्ली आत राहिली. त्यात कुलपात एक तुकडा अडकलाय. दुसरी किल्ली तर मीच... काय करू गं?"

"काच फोडू नका," काकू म्हणाल्या. "आले मी."

काकू आल्या तेव्हा चारला दोन मिनिटं होती आणि परीक्षकबाई वही घेऊन तीन टेबलं पलीकडे पोचल्या होत्या. काकूंनी रांग बघितली, बादली बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला. मग पैलवानाला म्हणाल्या, "भाऊ, कपाट जरा भिंतीपासून पुढे घेता का?"

कपाट पुढे सरकलं. काकू मागे गेल्या. मागची फळी दोन्ही तळव्यांनी दाबून त्यांनी वर सरकवली, निळा पडदा बाजूला केला, आत हात घातला आणि किल्ली काढून काकांपुढे धरली.

काकांचा आ वासलेलाच राहिला. "तुला... हे कधीपासून?"

"कपाट आलं त्या दिवसापासून. तुम्ही ऑफिसात होतात. सुतार म्हणाला, बाई, मालक समोर बसेल, पुसणाऱ्याला मागून वाट ठेवलीय. दर बुधवारी तुम्ही वाचनालयात गेलात की पुसते. महिन्यातून एकदा तेलही देते."

"तेल?" काका किंचाळले.

"मग काय, चकाकतात कशाने?"

तेवढ्यात परीक्षकबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. सगळं त्यांनी ऐकलं होतं. मागच्या बाजूने हात घालून त्यांनी फळीच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघून मान डोलावली. मग म्हणाल्या, "सदतीस नंबर द्या."

काकांचा जीव थोडा भांड्यात पडला. निदान सदतीस तरी लाज राखेल! त्यांनी मागून ते कुलूप काढून त्याच्या किल्लीसकट बाईंच्या हातात दिलं. "याची गंमत अशी बाई, किल्ली आधी अर्धा फेरा उलटी..."

बाईंनी किल्ली सुलटीच फिरवली. कुलूप टक्कन उघडलं. बाईंनी ते उलटं केलं. खाली कारखान्याचा शिक्का होता, बऱ्यापैकी ताजा.

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू पदराशी चाळा करत होत्या.

"सहा वर्षांपूर्वी ताईकडे निघाले होते," त्या म्हणाल्या. "मागच्या खोलीचं कुलूप मोडलं. तुम्ही घरी नव्हतात. म्हटलं, एवढी एकशे एक्केचाळीस बसलीयत रिकामी, त्यातलं एक कामाला लागलं तर काय बिघडलं? त्यातलं चांगलं दणकट बघून घेतलं. इथे बाजारातलं ठेवलं, आठ दिवस मिठाच्या पाण्यात घालून. छान गंजलं, मग पुसून तेल दिलं."

"म्हणजे मी रोज सकाळी ज्याला शिव्या घालतो..."

"तेच. रोज सांगते, अर्धा फेरा उलटी."

आधी किटलीवाले हसले, मग पैलवान, मग सगळी रांग. परीक्षकबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "दोनशे वर्षांचं कुलूप अजून रोज काम करतं? इथे आलेल्या कुठल्याच वस्तूचं असं नाही. पुढच्या वर्षी ते घेऊन या. खिडकीखाली बसा. मात्र हे बक्षीस जपणुकीचं आहे, तेव्हा पाटीवर नाव कोणाचं घालू?"

काकांनी मखमलीकडे बघितलं. वीस वर्षं त्या काचेसमोर बसून आपण नेमकं काय बघत होतो, असा त्यांना प्रश्न पडला होता. त्यांना शरमही वाटली आणि, कशी कोण जाणे, भारी खुशीही वाटली.

"आधी हिचं घाला," ते म्हणाले. "माझं खाली, जागा उरली तर."

संध्याकाळी टेम्पोत कपाटाला टेकून दोघं बसली होती. काकांनी किल्ली काळ्या दोऱ्यासकट काकूंच्या हातात ठेवली. "आजपासून ही तुझ्याकडे. खरंच सांगतोय."

काकूंनी किल्ली उलटसुलट करून बघितली आणि दोरा परत नवऱ्याच्या गळ्यात घातला.

"राहू द्या तुम्हालाच," त्या म्हणाल्या. "मला ती कधी लागलीच नाही."